कयाकसाठी फिश फाइंडर आणि रॉड होल्डर: आधी काय घेऊ, आणि लावू कुठे?

पाणवेल

नमस्कार मंडळी. दोन वर्षं काठावरून गळ टाकल्यावर आता कयाक घेतली आहे. वर बसून वल्हवायची, पॉलिथिलीनची, साडेतीन मीटर लांब. सीटच्या मागे रॉड उभे करायला दोन नळ्या कंपनीनेच बसवून दिल्या आहेत, बाकी अंगावर काही नाही. ना पट्टी, ना खोबणी, ना ट्रान्सड्युसरसाठी, म्हणजे फिश फाइंडरच्या आवाज सोडणाऱ्या भागासाठी, जागा.

मासेमारी मुख्यतः तलावात, २ ते १० मीटर पाण्यात. हात बसला की शांत समुद्रातही जायचं आहे, पण ते पुढचं पुढे.

आठवडाभर फिश फाइंडरबद्दल, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्राबद्दल, वाचतेय आणि डोकं गरगरायला लागलंय. ५ इंची स्क्रीन की ७ इंची, चर्प, डाउन इमेजिंग, साइड इमेजिंग, आणि बॅटरी कोणती हे वेगळंच. रॉड होल्डरचंही तसंच. एका फोटोत एकाच कयाकवर सहा होल्डर पाहिले. मला दोन रॉडच्या वर न्यायचेच नाहीत. दोन्ही गोष्टी एकदम घेण्याइतके पैसे आत्ता नाहीत, आणि खरं सांगायचं तर नव्या कोऱ्या कयाकला भोक पाडायला हात धजत नाही. कोणी स्वतः लावलं असेल तर सांगा, आधी काय घेऊ?

उथळपाणी

फिश फाइंडर आधी. आणि घेतेच आहेस तर साइड इमेजिंगवाला ७ इंची घे, पुन्हा बदलायला लागणार नाही. माझ्या मोटारच्या होडीवर आहे. बुडालेली झाडं, दगडांचे ढीग, दोन्ही बाजूंचं सगळं स्वच्छ दिसतं. रॉड तोपर्यंत त्या मागच्या नळ्यांत राहतील की.

पाणकावळा

ताई, कयाकबद्दल मनापासून अभिनंदन. मी पोटापाण्यासाठी वायरिंगची कामं करतो आणि नऊ वर्षं कयाकवरून मासे धरतोय, त्यामुळे तुमच्या दोन्ही प्रश्नांवर बोलायला मला आवडेल. थोडं लांबेल.

माझ्या मते आधी रॉड होल्डर. कारण साधं आहे. होडीत हात मोकळे असतात, कयाकवर दोन्ही हात वल्ह्यात अडकलेले. ज्या क्षणी तुम्ही वल्हवता त्या क्षणी रॉड कुठेतरी असायला लागतो, आणि तो 'कुठेतरी' जर मांडीखाली किंवा पायांच्या मध्ये असेल तर एक दिवस तो पाण्यात जाणार. फिश फाइंडरशिवाय माणसं पिढ्यान् पिढ्या मासे धरत आली. रॉड पाण्यात गेल्यावर मात्र त्या दिवसाची मासेमारी संपली.

मागच्या नळ्यांबद्दल जरा थांबून बोलतो, कारण माझा एक चांगला रॉड तिथेच गेला. नळ्या ने-आण करायला उत्तम आहेत. पण मी त्यांच्या शेजारी एक उघडा, पाळण्यासारखा होल्डर लावला होता, वर पट्टा नसलेला, आणि त्यात रॉड ठेवून लूर, म्हणजे खोटं आमिष, मागे ओढत वल्हवत होतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे लाईन सुटू देणारा ब्रेक, घट्ट होता, कारण आधी एका खडकातून लूर सोडवताना आवळला होता आणि सैल करायचा राहिला. मागे 'टक्' असा एकच आवाज आला. मान वळवेपर्यंत मुठीचं टोक होल्डरच्या ओठावरून वर उचललं जाताना दिसलं, कयाकचं तोंड थोडं फिरलं आणि रॉड आडवा पाण्यावर पडून तिरका आत गेला. रीळ जड, त्यामुळे बुडायला दोन सेकंदही लागले नाहीत. दोष होल्डर बनवणाऱ्याचा नव्हता. तो होल्डर हातात रॉड नसताना ठेवण्यासाठी होता, मासा लागायची वाट पाहण्यासाठी नव्हता.

तेव्हापासून मी होल्डर दोन जातींत पाहतो. पहिली जात सांभाळणाऱ्यांची: मागच्या नळ्या, पेटीला बांधलेल्या नळ्या. यात रॉड फक्त उभा राहतो. दुसरी जात काम करणाऱ्यांची: यात रॉड असताना लाईन पाण्यात असते. या दुसऱ्या जातीत रॉडला वरून पकडणारं काहीतरी हवंच, मग ती फिरणारी कडी असो, पट्टा असो की खाच. तुम्ही दोनच रॉड नेणार असाल तर सांभाळणारे दोन तुमच्याकडे आहेत, काम करणारा एक घ्या. फार तर पुढे दुसरा. फोटोतले सहा विसरा. प्रत्येक जास्तीचा होल्डर म्हणजे लाईन अडकायला आणखी एक कोपरा.

घेताना तुमचं रीळ हातात घेऊन जा. स्पिनिंग रीळ रॉडच्या खाली लोंबतं, बेटकास्टर वर बसतं आणि त्याच्या मुठीला खाली बोटासाठी आकडा असतो. काही नळ्यांत तो आकडा आतच जात नाही, काहींत स्पिनिंग रिळाचा दांडा पुढच्या खाचेत बसत नाही. दुकानात दहा वेळा घालून काढून बघा, तेही एका हाताने आणि न बघता. मासा लागल्यावर तुम्ही बघणार नाही, ओढणार. सरळ वर उचलून निघतो की आधी मागे सरकवावा लागतो, हे त्या वेळी अंगवळणी पडलेलं असावं लागतं.

आता बसवायची पद्धत. प्रत्येक कंपनीची बैठक वेगळी. स्कॉटीचा खुंटा आणि त्यात बसणारा होल्डर, रॅमचा १ इंची किंवा दीड इंची रबरी गोळा, रेलब्लेझाचा चांदणीच्या आकाराचा स्टारपोर्ट, याकअ‍ॅटॅकची पट्टी, हे सगळे चांगलं काम करतात. फरक इतकाच की एकाचा होल्डर दुसऱ्याच्या बैठकीत सहसा बसत नाही. म्हणून पहिली बैठक निवडताना पुढचा विचार करा. तुम्ही पुढे फिश फाइंडर लावणार आहात, तर त्याचा स्टँडही त्याच कुटुंबातला मिळतो का ते पाहा. मी स्वतः पट्टीच्या बाजूचा आहे, कारण पट्टीवर होल्डर पुढेमागे सरकतो. भोकं एकदाच पाडायची, चूक सुधारायची सोय कायमची.

गोळ्याच्या बाबतीत एक सांगतो. लांब दांडी घेऊ नका. रॉडच्या टोकाला मासा ओढतो तेव्हा सगळा जोर तरफेसारखा बुडख्याशी येतो, आणि लांब दांडी असेल तर गोळा हळूहळू फिरतो. रॉड झुकत जातो आणि तुम्हाला वाटतं मासा मोठा आहे.

भोक पाडायच्या भीतीवर माझ्याकडे एकच औषध आहे: मास्किंग टेप. कयाक गवतावर ठेवा, सीटवर बसा, पाय टेकवायच्या जागी, लाईफ जॅकेट अंगात, वल्हं हातात. डोळे मिटून वीस फटके मारा. आता कोणाला तरी सांगा, वल्ह्याचा दांडा आणि तुमच्या हाताची मूठ जिथे जिथे जाते तिथे टेप लावायला. ती सगळी जागा निषिद्ध. मग पुढे वाकून हात लांब करा. कंबर न उचलता बोटं जिथे पोचतात तिथे दुसरी टेप. होल्डरची जागा या दोन टेपांच्या मध्ये कुठेतरी निघते, बहुतेकांना गुडघा आणि पावलाच्या दरम्यान. तिथे होल्डर पुढे आणि बाहेर झुकलेला ठेवला की रॉडचं टोक नजरेच्या कोपऱ्यात राहतं. वल्हवताना तेच टोक तुम्हाला सांगतं लूर नीट चालतेय की गवत लागलंय. मागच्या होल्डरमधला रॉड हे सांगत नाही.

टेप तशीच ठेवून तीन वेळा पाण्यावर जाऊन या. मगच ड्रिल.

उथळपाणी यांच्या साइड इमेजिंगबद्दल: होडीवर ते खरोखर सुंदर दिसतं, मी पाहिलंय. पण त्याला सरळ रेषेत एकसारखी चाल लागते. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला कयाकचं नाक डावी-उजवीकडे डुलतं आणि चित्र लाटालाटांचं येतं. शिवाय ट्रान्सड्युसर बुडाच्या खाली, दोन्ही बाजूंना मोकळा लोंबायला हवा. २ ते १० मीटर पाण्यासाठी माझी शिफारस ५ इंची, चर्प (एकाच ठोक्यात अनेक वारंवारतांचा आवाज सोडणारा सोनार) आणि जीपीएस असलेला साधा फिश फाइंडर. जीपीएस मात्र सोडू नका. चांगली जागा सापडली की खूण करून ठेवता येते, आणि धुकं पडलं की परतीची वाट कळते.

उथळपाणी

कयाकवर बसून पाहिलेलं नाही, त्यामुळे नाक डुलण्याचा मुद्दा मान्य. पण जीपीएस हवं, चर्प हवं, तर मग डाउन इमेजिंग का नको? आणि ५ इंची स्क्रीनवर उन्हात दिसतं का?

पाणकावळा

डाउन इमेजिंग असेल तर चांगलंच. त्याची शलाका पुढे-मागे अगदी पातळ आणि आडवी रुंद असते, ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झवर, म्हणून झाडाची फांदी फांदीसारखी दिसते. पण मासा ओळखायला मी अजूनही साध्या सोनारकडे बघतो.

उन्हाचा प्रश्न चांगला काढलात. स्क्रीनचा आकार नाही, उजेड महत्त्वाचा. आणि पोलराइज्ड गॉगल घालून बघा. काही स्क्रीन गॉगलमधून एका कोनात पूर्ण काळ्या होतात. मान डावीकडे, उजवीकडे कलवून बघा, स्क्रीन आडवी आणि उभी धरून बघा. दुकानात गॉगल न्यायला कोणी विसरू नये.

पाणवेल

पाणकावळादादा, खूप आभार. आज संध्याकाळी टेपचा प्रयोग केला. माझी मूठ मला वाटत होतं त्याच्यापेक्षा एक वीत पुढे जाते! जिथे होल्डर लावायचं मनात होतं तिथेच रोज बोटं आपटली असती.

आता फिश फाइंडरचं विचारते, पुढच्या महिन्यात घेईन. ट्रान्सड्युसर कुठे लावायचा? कोणी म्हणतं कयाकच्या आत बुडाला चिकटवला तरी चालतो. प्लास्टिकमधून आवाज जातो? आणि शंकूचे अंश वगैरे असतात त्याचा नेमका उपयोग काय?

पाणकावळा

जातो. आवाजाला प्लास्टिकची एकसंध भिंत फारशी अडवत नाही, हवा अडवते. पाण्यातून आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. ट्रान्सड्युसर ठोका देतो, तळावरून किंवा माशाच्या अंगावरून तो परत येतो, आणि गेल्या-आल्याचा वेळ मोजून खोली निघते. माशाच्या पोटातली हवेची पिशवीच सगळ्यात जोरात परत बोलते. आता विचार करा, मासा दिसतो तो हवेच्या एवढ्याशा पिशवीमुळे, तर ट्रान्सड्युसर आणि बुडाच्या मध्ये हवेचे बुडबुडे राहिले तर काय होईल? यंत्र तेवढंच बघत बसेल.

माझा पहिला ट्रान्सड्युसर मी चिकट गोंदात असाच बसवला होता. घाईने दाबला, बाजूने गोंद बाहेर आला, मला वाटलं झालं. पाण्यावर गेलो तर ३ मीटरच्या पुढे तळ सापडेना, आकडा लुकलुकत राहायचा. घरी आणून उपटला तेव्हा गोंदाच्या थरात साबुदाण्याएवढे चार-पाच बुडबुडे बरोबर मध्यभागी. दुसऱ्या वेळी गोंद मधोमध ढिगासारखा घातला आणि ट्रान्सड्युसर हलके गोल फिरवत बसवला, म्हणजे हवा कडेने निघून जाते. तोच ट्रान्सड्युसर, तीच कयाक, १५ मीटरपर्यंत तळाची रेघ अखंड.

चिकटवण्याआधी चाचणी करा, हे फार सोपं आहे. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी घ्या, त्यात ट्रान्सड्युसर ठेवा, पिशवी बुडावर आतून सपाट टेकवा आणि पाण्यावर जाऊन बघा. जिथे आकडा स्थिर राहतो ती जागा. बूड जिथे एकपदरी आणि सपाट असेल तिथेच, फोम भरलेला भाग असेल तर तो टाळा. आणि दोन गोष्टी आधीच सोडून द्या: आतून बसवल्यावर पाण्याचं तापमान बरोबर दिसत नाही, आणि डाउन किंवा साइड इमेजिंगचा उपयोग राहत नाही.

तुम्हाला डाउन इमेजिंग हवंच असेल तर काठाला लावायचा आडवा हात घ्या, ज्याच्या टोकाला ट्रान्सड्युसर पाण्यात लोंबतो. उथळात वर उचलता येतो, घरी काढून नेता येतो. त्रास इतकाच की पाणवनस्पती गुंडाळते आणि वल्ह्याच्या वाटेत येतो, म्हणून पुन्हा तेच टेपचं काम. काही कयाकना पाणी निचरायच्या भोकाशी ट्रान्सड्युसरसाठी खोलगट जागा असते, तुमच्या कयाकला ती नाही, त्यामुळे तो प्रश्नच नाही.

शंकूचं आता. ट्रान्सड्युसरचा आवाज खाली जाताना शंकूसारखा पसरत जातो, अंश म्हणजे त्या शंकूची रुंदी. २०० किलोहर्ट्झचा शंकू बऱ्याच यंत्रांत २० अंशांच्या आसपास असतो, ८३ ला ६० अंशांच्या आसपास. २ मीटर पाण्यात २० अंश म्हणजे तळावर जेमतेम ७० सेंटिमीटरचं वर्तुळ. साधारण कयाकच्या रुंदीएवढं. ६० अंश म्हणजे सव्वादोन मीटर. १० मीटर पाण्यात तेच साडेतीन मीटर आणि साडेअकरा मीटर होतं. म्हणून उथळात रुंद शंकू लावा, नाहीतर तुम्ही तलावाकडे किल्लीच्या भोकातून बघताय. खोल पाण्यात अरुंद, कारण रुंद शंकूत उतारावरचा खड्डा आणि उंचवटा एकाच रेघेत मिसळतात.

आणि कमानीचा सगळ्यांचाच घोळ होतो. मासा शंकूच्या कडेने आत येतो तेव्हा लांब असतो, मध्यभागी जवळ, जाताना पुन्हा लांब. म्हणून कमान. तुम्ही थांबलेल्या आणि मासाही थांबलेला असेल तर कमान नाही, लांबच लांब आडवी रेघ दिसेल. ती रेघ मोठ्या माशाची आहे असं समजू नका. तो फक्त बराच वेळ तिथे आहे. स्क्रीनच्या उजव्या टोकाला आत्ताचं, डावीकडे सगळं होऊन गेलेलं. मधल्या कमानीवर लूर सोडणारे मी रोज बघतो. ती जागा तुमच्या मागे राहिलेली असते.

मचाण

मी वेगळं सांगतो. ट्रान्सड्युसर, वायर, बॅटरी यातलं काहीच नको असेल तर फेकायचा सोनार बघा. डीपर कंपनीचा असतो तसा चेंडू. पाण्यात टाकायचा, फोनवर चित्र येतं. भोक एकही नाही. मी कयाकच्या मागे दोरीने ओढत नेतो. फोन ओल्या हाताने चालत नाही आणि उन्हात फोनची स्क्रीन फिकी पडते, हे दोन तोटे आहेत. पण काठावरूनही वापरता येतो, आणि ताईंची दोन वर्षं काठावर गेली आहेत.

पाणकावळा

मचाण, चांगला पर्याय सांगितलात. काठावर आणि कयाकवर अर्धा-अर्धा वेळ जाणार असेल तर तोच घ्यावा. ताईंनी कयाकवरच राहायचं ठरवलं असेल तर मी वायरवालाच म्हणेन, कारण ओल्या हाताचा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा येतो.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. बॅटरी. ५ इंची यंत्र साधारण अर्धा ते एक अँपिअर खातं. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची शिशाची बंद बॅटरी दोन-अडीच किलोची असते, आणि ती अर्ध्याच्या खाली नेली तर लवकर मरते. म्हणजे कामाचे साडेतीन अँपिअर-तास. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढ्याच क्षमतेची बॅटरी एक किलोच्या आसपास, आणि बहुतेक सगळी क्षमता वापरता येते. कयाकवर वजन आणि जागा दोन्ही मोजून असतात, म्हणून जमलं तर हीच. दोन सूचना. तिला तिचाच चार्जर. आणि व्होल्टेज बघून ती किती उरली ते कळत नाही, कारण शेवटपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास टिकून राहते आणि मग एकदम पडते. त्यामुळे तास मोजायची सवय ठेवा.

फ्यूज बॅटरीजवळ, अधिक टोकाच्या वायरमध्ये, यंत्राच्या पुस्तिकेत जेवढा लिहिलाय तेवढाच. यंत्राच्या टोकाला फ्यूज लावून उपयोग नाही. मध्ये वायर सोलली गेली तर आग वायरलाच लागते. बॅटरी पाणी न शिरणाऱ्या डब्यात, डबा पट्ट्याने बांधलेला. शिशाची घेतलीत तर चार्ज करताना डब्यातून बाहेर काढा, चार्ज होताना वायू निघतो.

वायर जिथे बुडाच्या आत शिरते तिथे रबरी ग्लँड लावाच, पण त्याच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या. वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, ग्लँडपर्यंत चढत नाही. आम्ही घरांच्या भिंतींवर हेच करतो. जोडण्यांना नुसती काळी टेप गुंडाळू नका, उष्णतेने आकसणारी, आतून गोंद असलेली नळी वापरा. खाऱ्या पाण्यात गेलात तर टेपखालचं तांबं हिरवं पडतं आणि यंत्र 'मधूनच बंद पडतं' अशी तक्रार सुरू होते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या अशा यंत्रांत बिघाड बहुतेक वेळा यंत्रात नसतो, जोडणीत असतो.

खारावारा

मी फक्त समुद्रात वल्हवतो, म्हणून एकच गोष्ट जोडतो, पण कळकळीने. हे सगळं लावून झाल्यावर छातीएवढ्या पाण्यात, कोणीतरी सोबत असताना, मुद्दाम कयाक उलटवा आणि परत चढा. कयाकवर चढताना आपण बाजूने पोटावर घसरत सीटवर येतो. त्या वाटेत होल्डर उभा असेल तर तो बरगडीत घुसतो किंवा जॅकेटचा पट्टा त्यात अडकतो. माझा अडकला होता. पाणी गरम होतं आणि मित्र शेजारी होता म्हणून हे आज लिहितोय. आता माझ्या सीटच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा पूर्ण रिकामी असते.

रॉडला दोरी बांधायची तर गुंडाळी होणारी, आखूड. मोकळी लांब दोरी पायात येते. छोटा चाकू जॅकेटला हवा, पेटीत नाही.

पाणकावळा

खारावारा यांचं म्हणणं ताईंनी माझ्या सगळ्या लिहिण्याच्या वर ठेवावं. मी हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

पाणवेल

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. टेप लावून चार वेळा गेले. दुसऱ्या वेळीच कळलं की उजव्या बाजूला होल्डर नको, कारण मी रॉड उजव्या हाताने टाकते आणि तिथेच दांडा मागे येतो. डावीकडे पट्टी लावायचं ठरलं. काठाजवळ उलटून चढायचा सरावही केला, मैत्रीण सोबत होती. पहिल्यांदा चढताच आलं नाही, तिसऱ्यांदा आले.

उद्या ड्रिल. शेवटचं काही?

पाणकावळा

आधी टॉर्च घेऊन हॅचमधून, म्हणजे कयाकच्या झाकणाच्या तोंडातून, आत बघा, आणि नट धरायला हात तिथपर्यंत पोचतो का ते पाहा. मी एकदा बाहेरून सुंदर जागा निवडून भोक पाडलं, आणि आत प्लास्टिकची घडी होती, बोटही शिरेना. नाइलाजाने तिथे फुगणारा रबरी नट घालावा लागला. तो हलक्या कामाला ठीक, मासा ओढेल तिथे आरपार बोल्ट आणि आतून रुंद वॉशर किंवा पट्टीच हवी. प्लास्टिकमध्ये नुसते स्वतःच आटे पाडणारे स्क्रू ओढाताणीत सैल होतात.

ड्रिल हळू फिरवा, जोर देऊ नका. पांढऱ्या रिबिनीसारखी कात निघाली तर वेग बरोबर. प्लास्टिक वितळून काठ फुगायला लागला तर थांबा. सील करायला साधं सिलिकॉन नको, पॉलिथिलीनला ते धरत नाही. ब्युटिलची चिकट पट्टी वापरा. नट नायलॉनवाले घ्या, म्हणजे हादऱ्याने सुटत नाहीत. आणि आत, भोकांच्या खाली, एक टॉवेल पसरून ठेवा. हातातून निसटलेला नट कयाकच्या नाकात घरंगळत गेला की तो काढायला कयाक उभी करावी लागते.

पाणवेल

टॉवेल पसरला होता. दोन नट त्यावरच पडले!

पट्टी बसली, होल्डर बसला, आणि या रविवारी फिश फाइंडरही. ५ इंची, चर्प, जीपीएस, ट्रान्सड्युसर आतून. पिशवीची चाचणी करून जागा शोधली, गोंद मधोमध घालून गोल फिरवत बसवला. ९ मीटरपर्यंत आकडा स्थिर होता.

एकच गोष्ट समजली नाही. एका जागी ३ मीटरवर तळाची जाड रेघ होती आणि बरोबर ६ मीटरवर आणखी एक फिकी रेघ. थोडं पुढे गेल्यावर ती फिकी रेघ गेली. ट्रान्सड्युसर चुकीचा बसलाय का?

पाणकावळा

नाही, उत्तम बसलाय. तो दुसरा प्रतिध्वनी. आवाज तळावर आपटून वर आला, पाण्याच्या पृष्ठभागावरून परत खाली गेला, पुन्हा तळावरून वर आला. दुप्पट प्रवास, म्हणून दुप्पट खोली. मऊ गाळ आवाज गिळतो, तिथे सहसा हे दिसत नाही. दगड किंवा टणक वाळू असली की दिसतं. तुमची फिकी रेघ जिथे गेली तिथे टणक तळ संपून गाळ सुरू झाला असणार. त्या सीमेवर मासे फिरतात. खूण करून ठेवली आहे ना?

पाणवेल

नाही केली! पण काठावरच्या दोन झाडांच्या रेषेत होतं, सापडेल. शनिवारी जाते.